तक्रार कोणाकडे करायची

आमच्या वेबसाइटच्या अगदी तळाला एक पान आहे. तिथं सहसा कोणी जात नाही. वर बिबड्यांचे फोटो आहेत, काळ्या मसाल्याचे आहेत, लोक तेवढंच बघतात आणि ऑर्डर देऊन मोकळे होतात. तळाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की माल कोण विकतं, त्याचं पूर्ण नाव काय, माल कुठं बनतो, फोन कोणता, अन्न खात्याचा नोंदणी नंबर काय, माल खराब निघाला तर परत घेणार की नाही, आणि सगळ्यात शेवटी तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव. मी चौथीपर्यंत शिकलो. आयुष्यात मी फार वाचलं नाही. पण हे पान मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे मिटून म्हणून दाखवीन.

हे पान माझ्या सुनेनं बनवलं. ती सुरतेत उधन्याला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला आहे, कागदपत्रं टाइप करते. दुसऱ्यांचे कायदे टाइप करून करून तिला स्वतःला बरेच कायदे कळायला लागले. वेबसाइट तिनंच काढली, माझ्या बायकोच्या बिबड्यांसाठी.

बिबडे म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, वाळवून भरडायची, मग लसूण, तीळ, मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा. गरम घाटा ओल्या हातानं कापडावर पातळ थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. भाजून खा, तळून खा, नाहीतर तसेच दाण्यांबरोबर खा. माझ्या बायकोच्या हातचे बिबडे इतके पातळ असायचे की खाली ठेवलेल्या पेपरातल्या जाहिराती वाचता याव्यात. हे मी उगाच मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिच्या तोंडावर मी हे कधी बोललो नाही, एवढंच मला आता खुपतं.

आम्ही सुरतेतच नवागामला राहतो, डिंडोलीच्या अंगाला. आमच्या गल्लीत हाक मारली की अर्धा जळगाव जिल्हा बाहेर येतो. मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी इथं आलो आणि संचाखात्यात लागलो. संचाखातं म्हणजे आपला पॉवरलूमचा कारखाना. बारा तासांची पाळी, आठ मशिनी एका माणसाकडे, डावा कान गेला तो तेव्हाच. बायको गल्लीतल्या बायकांना बिबडे करून द्यायची. मग गावाकडून सुरतला आलेले दुसऱ्या गल्लीतले लोक मागायला लागले, मग लग्न होऊन पुण्या-नाशकाला गेलेल्या पोरी मागायला लागल्या. सून घरात आली आणि म्हणाली, "आई, आपण वेबसाइट करू."

बायको म्हणाली, "कर. पन घाटा मीच ढवळसू, ते काम मशीनवर नही व्हवावं."

सगळं झालं, फोटो लागले, किमती लागल्या. मग एका रविवारी सून हे तळाचं पान भरायला बसली. नाव विचारलं, पत्ता विचारला.

मी म्हणालो, "पत्ता गावाचा टाक."

"कोणत्या गावाचा?"

"आपल्या गावाचा. खानदेशी बिबडे म्हणतेस आणि पत्ता नवागामचा? कोण घेईल? नवागाम म्हटलं की लोकांना लूमचा खडखडाट ऐकू येतो."

यात माझी काही लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडच्या माणसाला कोणीही विचारलं, कुठले, तर तो गावाचंच नाव सांगतो. चाळीस वर्षं सुरतेत काढली, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, तरी तोंडातून गावच निघतं. मी तेच केलं.

सून म्हणाली, "आप्पा, जिथं माल बनतो तिथला खरा पत्ता लिहावाच लागतो. कायदा आहे."

"मग काय उद्या चोरालाही पत्ता देऊ? फोन देऊ? कोणीही येऊन दारात भांडेल."

"भांडता यावं म्हणूनच तर आहे," ती म्हणाली. "दुकानात माणूस दुकानदाराचं तोंड बघतो. इथं त्याला काय दिसतं? फोटो. पैसे आधी देतो तो. त्याला कळायला नको का कोणाला दिले?"

मी आवाज चढवला. तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात ओले, आणि आमच्या बोलीत म्हणाली, "आपला माल आठे व्हस ना? मंग आठलाच पत्ता लिखा. कोनी शोधत उना तं त्याले दार सापडाले जोयजे."

म्हणजे माल इथं होतो तर इथलाच पत्ता घाला, कोणी शोधत आला तर त्याला दार सापडलं पाहिजे. झालं. नवागामचा पत्ता पानावर गेला, गल्ली आणि खोली नंबरासकट.

मग सुनेनं शेवटची ओळ विचारली. तक्रारीसाठी एका माणसाचं नाव द्यावं लागतं, त्याचा फोन द्यावा लागतो. तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत ती मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत तिचं निवारण करायचं. बायको म्हणाली, "मन्हंच टाक. बिबडा मन्हा, तं शिव्या बी मन्ह्याच."

बिबडा माझा तर शिव्याही माझ्याच, यावर मी हसलो होतो. पण रात्री नीट विचार केला तेव्हा मला त्या पानाचा राग राहिला नाही. मी चाळीस वर्षं कापड विणलं. किती ताके, म्हणजे कापडाचे तागे, विणले त्याचा हिशेब नाही. ताका शेठकडून मार्केटात जायचा, तिथून रंगायला मिलमध्ये, आणि परत येताना त्याच्या काठावर कोणातरी भलत्याचं नाव छापलेलं असायचं. एखादी साडी पहिल्या धुण्यात विरली तर ती बाई कोणाला विचारणार होती? मला नाही. मला कोणी ओळखतच नव्हतं. चांगली टिकली तरी मला कोणी विचारणार नव्हतं. आणि इथं माझी बायको, जिला सही करायला दोन मिनिटं लागायची, तिचं नाव, पत्ता, फोन सगळ्या देशापुढं लिहिलेला, की मी बनवलं, वाईट असेल तर मला बोला. मला तिचा अभिमान वाटला. तेही मी बोललो नाही.

गिऱ्हाइकांचे फोन यायचे तेव्हा ती कशी बोलायची हे ऐकण्यासारखं होतं. दुकानाचा एक वेगळा मोबाइल होता, तो ती डब्यांच्या फळीवर ठेवायची. कोणी म्हणालं मीठ जास्त झालं, की ही विचारायची, "कितलं? एक खाल्ला का चार?" चार खाल्ले म्हटलं की म्हणायची, "मग इतकं बी खारं नसेल बेटा." आणि तरी पुढच्या घाण्याला मीठ कमी करायची. एकदा एका बाईचं पाकीट रस्त्यात चुरा होऊन पोचलं. हिनं तिला दुसरं पाकीट पाठवलं आणि चुरा परत मागितला नाही, उलट त्या चुऱ्याचा चिवडा कसा करायचा ते फोनवर अर्धा तास सांगितलं.

पौष संपता संपता ती गेली. सकाळी चहा ठेवला, म्हणाली छातीत भरून येतंय, आणि चहा उतू जायच्या आत सगळं संपलं. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

तेराव्यानंतर सून माझ्यापुढं एक कागद घेऊन आली. अन्न खात्याची नोंदणी बायकोच्या नावावर होती. नोंदणी ज्याच्या नावावर तो माणूस गेला तर घरच्यांना नव्वद दिवस ती चालवता येते. तेवढ्यात दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायची. सुनेनं स्वतःचं नाव घातलं होतं, कारण कागद तीच सांभाळणार. पण वारस म्हणून माझी हरकत नाही, असं लिहून त्यावर माझी सही लागणार होती. आणि ती सही झाली की वेबसाइटवरचं नावही बदलायचं होतं.

मी म्हणालो, "ठेव तिथं."

तिनं ठेवला. आठ दिवसांनी विचारलं. मी म्हणालो, "अजून वर्षश्राद्ध नाही झालं आणि तू नाव पुसायला निघालीस?"

"पुसत नाहीये आप्पा. 'आमच्याविषयी' म्हणून एक वेगळं पान आहे, तिथं आईंचा फोटो राहील, त्यांनी कसं सुरू केलं ते राहील. तिथं आपल्याला हवं ते लिहिता येतं. पण विक्रेता आणि तक्रार, या दोन जागी जिवंत माणूसच लागतो."

जिवंत माणूस हा शब्द मला झोंबला. मी तिला नको ते बोललो. सासूच्या जागेवर बसायची तुला घाई झाली, असं बोललो. तिनं कागद टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला आणि भाकरी थापायला गेली. मुलगा सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी कारखान्यात असतो, पाळीवरून आला तेव्हा त्याला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दुसरी एखादी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे मी आज लिहितोय, त्या दिवशी मला ती हट्टी वाटत होती आणि मी स्वतः मात्र मला सरळ वाटत होतो.

माझ्या मनात एकच होतं. घरातून तिचे कपडे गेले, चपला गेल्या, औषधं गेली. रेशनकार्डावरून नाव जाणार होतं. एका जागी तरी ते राहावं. दिवसातून दोनदा मी फोनवर ते पान काढून बघायचो. विक्रेता, तिचं नाव. तक्रारीसाठी संपर्क, तिचं नाव. तिथं ती अजून होती.

फाल्गुनात ऊन तापलं आणि ऑर्डरी यायला लागल्या. सून म्हणाली, नोंदणीचं होईपर्यंत थांबू. मी म्हणालो, अजून नव्वद दिवस झालेत कुठं, कायदा तूच सांगतेस ना, मग चालवायला काय हरकत आहे? कायद्यानं माझं खरं होतं. मी ज्वारी भिजत घातली. गल्लीतल्या दोन बायका, ज्या माझ्या बायकोबरोबर थापायला यायच्या, त्या आल्या. घाटा मी ढवळला. सुती कापडं काढली, जी बायको दर वर्षी मुद्दाम गावाहून आणायची, कारण सुरतच्या कापडावरून बिबडा सुटत नाही असं तिचं म्हणणं. गच्चीवर खाटा टाकल्या, त्यावर थापलेली कापडं पसरली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सगळं गोळा केलं, पाकिटं भरली आणि कुरिअरवाल्याला दिली. मला वाटलं जमलं.

चैत्रात पहिला फोन आला.

"हॅलो, मावशी आहेत का?"

नाशिकहून एक बाई बोलत होती. मूळची आमच्याकडची, बोलण्यावरून कळत होतं, लग्न होऊन तिकडे गेलेली. मी म्हणालो, "काय काम होतं ताई?"

"तक्रार होती. वेबसाइटवर तक्रारीसाठी मावशींचं नाव आहे. त्यांना द्या ना जरा."

मला काय झालं मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, "ती गावाला गेलीय."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटायचं नाही. पण नवागामात कोणी दिसलं नाही तर तो गावाला गेलेला असतो. लग्नाला, पेरणीला, भाच्याच्या जावळाला. निम्मी गल्ली कायम गावाला गेलेली असते. हे उत्तर दिलं की पुढं कोणी काही विचारत नाही. त्या बाईनंही विचारलं नाही. ती नुसती म्हणाली, "हो का? मग येतील तेव्हा करते फोन. काका, पाकिटात बुरशी निघाली हो. तुम्ही सांगून ठेवा त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि खोटं नाही सांगत, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. कोणीतरी तिची चौकशी केली होती. ती येणार आहे असं धरून कोणीतरी बोललं होतं. बुरशी हा शब्द माझ्या कानात शिरला पण आत उतरला नाही.

आठ दिवसांनी परत फोन.

"आल्या का मावशी?"

"नाही अजून. तिकडे लग्नसराई चाललीय."

"बरंय त्यांचं! आम्हाला इथं एक दिवस सुट्टी मिळत नाही. काका, मी फोटो पाठवलाय बघा फोनवर. त्यांना दाखवा. त्यांचा माल असा कधी नसतो, म्हणून म्हणते."

मी फोटो उघडला नाही.

तिसरा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती. या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

"काका, आजही गावालाच आहेत का?"

"हो," मी म्हणालो. "तिथंच आहे. गावाला."

"मग मला एक सांगा, तक्रारीला नाव कशाला लिहून ठेवलंय? महिना व्हायला आला. मला पाकीटभर बिबड्यांचं काही नाही, फेकून दिले मी. पण मी माझ्या जावेला सांगितलं होतं की मावशीकडून घे, हातचं सोनं आहे. आता ती मला हसते. इतकी वर्षं चांगलं केलं आणि आता नाव झालं तर काहीही खपवायला लागल्या. माल बिघडवला आणि तोंड लपवून बसल्या गावाला. हे बरं नाही, त्यांना सांगा."

तिनं फोन ठेवला.

तोंड लपवून बसल्या. माझ्या बायकोबद्दल असं तिच्या वैऱ्यानंही म्हटलं नसतं. मी मोबाइल हातात धरून तसाच उभा. दारात सून उभी होती, ऑफिसातून नुकतीच आलेली, खांद्यावरची पर्सही काढलेली नव्हती. तिनं शेवटचं ऐकलं होतं.

"आप्पा, कोण गावाला आहे?"

मी मोबाइल पाठीमागे धरला.

"किती वेळा सांगितलं असं?"

"तीनदा. एकाच बाईला."

मला वाटलं आता ती बोलेल. कायदा काढेल, अठ्ठेचाळीस तास काढेल, मी तिला जे बोललो होतो ते काढेल. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला. बिबड्याच्या मधोमध हिरवट, केसाळ डाग. एक नाही, सगळ्यांवर.

"हा कोणता घाणा?" तिनं विचारलं.

"फाल्गुनातला."

"तुम्ही केलेला."

"मी केलेला."

त्याच घाण्यातले थोडे घरी डब्यात ठेवले होते. मी उठलो, डबा काढला. बायको पाकीट भरायच्या आधी प्रत्येक थरातला एक बिबडा कानाजवळ धरून मोडायची. मला वाटायचं हिची काहीतरी सवय आहे, बायका करतात तसं. मी त्या दिवशी पहिल्यांदा बिबडा कानाजवळ धरला. लूमनं माझा डावा कान नेलाय, उजव्याजवळ धरला. कडेला कट् वाजलं. मधे वाजलं नाही. मधे तो नुसता वाकला.

वरून कडक आणि आत ओल. चार दिवसांचं ऊन पाहिजे होतं, मी तिसऱ्या दिवशीच उचलले होते.

मी खाली बसलो. डोक्यात एकच घोळत होतं. मी तिचं नाव त्या पानावर जपून ठेवलं होतं, आणि त्या नावावर माझी घाण पडत होती. नाशिकची ती बाई मला शिव्या देत नव्हती. मला तर ती काका म्हणत होती, गरीब बिचारा निरोप्या समजत होती. शिव्या तिला पडत होत्या. जिनं जन्मात ओला बिबडा पाकिटात घातला नाही, ती खराब माल विकून पळालेली बाई ठरली होती, आणि हे मी केलं होतं, तिच्यावरच्या मायेनं. चाळीस वर्षं दुसऱ्याचं नाव छापलेलं कापड मी विणलं. आता मी स्वतः तेच केलं होतं. माल माझा, नाव दुसऱ्याचं. तेही अशा माणसाचं, जिला येऊन सांगता येणार नव्हतं की हे माझं नाही.

"कागद आण," मी म्हणालो.

सून म्हणाली, "जेवून करू."

"आण आत्ताच."

मी सही केली. नव्वद दिवसांतले थोडेच उरले होते. ती कागद बघत होती, तेव्हा मी म्हणालो, "मी तुला त्या दिवशी बोललो ते चुकलं."

ती म्हणाली, "कोणत्या दिवशी? तुम्ही तर रोजच बोलता."

अशी आहे ती. माणसाला अवघडू देत नाही.

मग मी म्हणालो, "विक्रेता तुझं नाव घाल. पण तक्रारीला माझं घाल."

"आप्पा, फोन घ्यावे लागतील. रोज."

"घेईन."

"ऐकू येतं का नीट?"

"उजव्यानं येतं."

"अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार आली की वहीत लिहायची, काय केलं ते लिहायचं. आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही."

"ते बघू."

"आप्पा!"

"नाही भांडणार, बाई."

ती तेव्हा पहिल्यांदा हसली. "पानावर हुद्दा लिहावा लागतो. तक्रार निवारण अधिकारी. आपल्या घरात अधिकारी झाला कोणीतरी."

पण नाव बदलायच्या आधी मी नाशिकला फोन लावला. सून म्हणाली मी बोलते, मी म्हणालो नाही. तिनं शेजारी बसून नुसता स्पीकर चालू केला.

"ताई, मी सुरतहून बोलतोय. बिबड्यांचे."

"आल्या का मावशी?" आवाज कोरडा.

"ताई, ती नाही येणार. ती पौषातच वारली. मी तिचा नवरा. मी तुमच्याशी तीनदा खोटं बोललो."

मी पुढं बोलत राहिलो, थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. "बिबडे तिनं केलेले नाहीत. मी केलेले. मी ओले भरले. तिनं कधी असे भरले नसते. तुम्ही जे बोललात ते मला बोला. तिला नका बोलू."

"अरे देवा," ती म्हणाली. मग रडक्या आवाजात, "काका, मी काय काय बोलले हो त्यांना."

"तुम्हाला काय माहीत? पानावर तिचं नाव होतं."

"तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तोंडातून निघालं नाही."

ती एकदम चिडली, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. "आणि ओले कसे भरले हो तुम्ही? हाताला कळत नाही? माझी आई शेणाच्या गोवऱ्यासुद्धा जास्त वाळवायची!"

सुनेनं तोंडावर पदर धरला. मी म्हणालो, "बरोबर आहे ताई. लिहून घेतो."

त्या सगळ्या घाण्याची पाकिटं ज्यांना गेली होती त्या प्रत्येकाला सुनेनं निरोप पाठवला, माल खाऊ नका, नवीन पाठवतो. नवीन बिबडे तिनं रजा काढून केले, माझ्याशेजारी उभं राहून. घाटा मी ढवळला, थापले तिनं आणि त्या दोन बायकांनी. चार दिवस ऊन दिलं. पाचव्या दिवशी मी प्रत्येक थरातला एक बिबडा कानाजवळ धरून मोडला. गल्लीतली माणसं बघून म्हणत होती, म्हातारा बिबड्याशी बोलतोय.

नोंदणी आली तशी सून पान बदलायला बसली. मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही बघता का?" मी शेजारी खुर्ची ओढली. तिनं विक्रेत्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. मग खालच्या ओळीवर गेली, बायकोचं नाव निळं झालं, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते गेलं आणि तिथं माझं आलं. चष्मा लावून वाचलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पत्ता, फोन. मी जन्मात कुठंही इतका ठसठशीत लिहिलेला नव्हतो.

तेव्हापासून फोन फळीवर नसतो, माझ्या खिशात असतो. एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात तारीख, नाव, तक्रार, काय केलं, असे चार रकाने सुनेनं आखून दिलेत. गल्लीतली माणसं नळाला पाणी आलं नाही की मला फोन लावून म्हणतात, साहेब, तक्रार घ्या. मी म्हणतो, अठ्ठेचाळीस तासांत कळवतो. लोक या कायद्याला कटकट म्हणतात. एका छोट्या माणसानं इतकं कशाला लिहायचं, म्हणतात. मी म्हणतो लिहा. दार उघडं ठेवून धंदा करायचा, एवढंच त्यात सांगितलंय, आणि ते माझ्या बायकोला कायदा ऐकायच्या आधीच कळत होतं.

नवीन पाकीट नाशिकला पोचलं तसा त्या बाईचा फोन आला. "अधिकारी आहेत का?" तिनं पान बघितलेलं होतं.

"बोला ताई."

"बिबडे मिळाले. चांगले आहेत. कडक आहेत."

"पण?" मी म्हणालो. कारण तिच्या आवाजात पण होता.

"राग येईल तुम्हाला."

"तक्रार आहे ना? मग सांगा, माझं कामच आहे."

"मावशींसारखे नाहीत," ती म्हणाली. "कसे सांगू? त्यांचे तोंडात विरायचे. हे जरा जाड लागतात."

मी वही उघडली. तारीख घातली, तिचं नाव घातलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, आधीसारखे नाहीत. मला वेळ लागतो लिहायला, ती पलीकडे थांबून राहिली. मग शेवटच्या रकान्याशी माझा हात थांबला. काय केलं, तिथं काय लिहू?

"ताई," मी म्हणालो, "तुमचं खरं आहे. मी खाऊन बघितले, मलाही तसंच लागलं. सून थापतेय, शिकतेय. पातळ होतील. पण तिच्यासारखे होणार नाहीत. हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो."

"बरं," ती म्हणाली. "मग यातलीच दोन पाकिटं पाठवा काका. एक माझ्या जावेच्या पत्त्यावर."